घंटा ऐकू येते, शब्द नाही

आमच्या लहानपणी घरी ढोमे आले की आम्हां भावंडांचा डोळा कालवणावर नसे, माशांच्या डोक्यांवर असे. जेवणे आटोपली की आई ताटांच्या कडेला राहिलेली डोकी बोटांनी हलकेच मोडी आणि प्रत्येकातून दोन पांढरे, गुळगुळीत, चिनी मातीसारखे खडे काढून आमच्या तळहातावर ठेवी. आम्ही ते धुऊन, वाळवून काड्यापेटीत साठवत असू. ज्याच्या पेटीत खडे अधिक तो श्रीमंत. माशाच्या डोक्यात खडे कशाला, असे आम्ही एकदा आईला विचारले होते. "देवाने दिलेत म्हणजे कशाला तरी असणारच," एवढेच म्हणून ती भांड्यांकडे वळली.

त्या खड्यांचे काम काय, हे कळायला आम्हांला पन्नासएक वर्षे लागली. आणि कळले तेव्हा आईच्याच कानांचा प्रश्न आमच्यापुढे उभा होता. ते खडे माशाच्या कानातले असतात. माशाला बाहेरून कान दिसत नाहीत. ते कवटीच्या आत असतात. त्याचे शरीर आणि भोवतालचे पाणी यांची घनता जवळजवळ सारखी, म्हणून पाण्यातून आलेला ध्वनी त्याच्या अंगातून आरपार जातो आणि पाण्याबरोबर मासाही थरथरतो. आतला खडा मात्र चुनखडीच्या द्रव्याचा, जड. तो तितक्या चपळाईने हलत नाही, किंचित मागे राहतो. त्याच्या लगत, केसांसारखी सूक्ष्म टोके असलेल्या पेशींची गादी असते. खडा मागे राहिला की ते केस वाकतात आणि केस वाकले की मेंदूकडे निरोप जातो. ढोमे आणि घोळ एकाच कुळातले, आणि हे कूळ बोलके आहे. पोटातल्या हवेच्या पिशवीवर स्नायूंची थरथर उठवून ते ढोलासारखा आवाज काढतात. जो बोलतो त्याच्या डोक्यात ऐकण्याचीही सोय असणारच. आईचे उत्तर तसे बरोबरच होते.

आईला ऐकू कमी येऊ लागले, असे आज आम्ही सहज म्हणतो. पण खरे सांगायचे तर पहिली तीन-चार वर्षे आम्ही तसे म्हणत नव्हतो. आम्ही म्हणत होतो, आई लक्ष देत नाही. २००५ साली तिने पंचाहत्तरी गाठली. प्रकृतीने ठणठणीत, वाडीत फेरी मारणारी, केळीच्या लोंगराकडे पाहून ते कधी उतरवायचे ते सांगणारी. तिच्या कानांना काही झाले असेल, अशी शंका यायला कारणच दिसत नव्हते. उलट तिचे कान शाबूत असल्याचे पुरावे आम्हांला रोज मिळत होते.

पहिला पुरावा देवळाच्या घंटेचा. संध्याकाळी घंटा वाजली की ओसरीवर बसलेल्या आईचा हात पहिल्याच ठोक्याला कपाळाकडे जाई. दुसरा पुरावा जपमाळेचा. रात्री घरात सर्व जण जपमाळेला बसत. कोणीही पुढे म्हणो, आई आपला अर्धा भाग नेमक्या वेळी उचली. एक शब्द इकडचा तिकडे होत नसे. तिसरा पुरावा आमचा स्वतःचा. आम्ही जवळ बसून काही विचारले तर ती बहुतेक वेळा बरोबर उत्तर देई. मग आमच्या पत्नीने विचारलेलेच तिला का कळू नये? नातवंडांचे बोलणेच का कळू नये?

एका दुपारी पत्नीने स्वयंपाकघराच्या दारातून विचारले, "आई, ताट घेऊ का?" आई म्हणाली, "खाट कशाला घेतेस? मी काय आजारी आहे?" मुले खो खो हसली. पत्नीने पुन्हा, जरा मोठ्याने विचारले. आईला त्यातला शब्द कळला नाही, चढलेला स्वर मात्र कळला. "ओरडतेस कशाला माझ्यावर?" असे म्हणून तिने तोंड फिरवले. तिसऱ्यांदा विचारायचे ते पत्नीने विचारलेच नाही. ताट आणून समोर ठेवले आणि ती आत निघून गेली.

अशी ताटे घरात पुष्कळ वेळा मुकाट्याने ठेवली गेली. एका रात्री पत्नी आम्हांला म्हणाली, "तुमचे सगळे ऐकू येते त्यांना. माझेच तेवढे येत नाही. पंचवीस वर्षे झाली या घरात येऊन." तिच्या बोलण्यात राग कमी आणि दुखावलेपण अधिक होते. आम्हांला उत्तर सुचले नाही, कारण आमचेही मत हळूहळू तेच होत चालले होते.

आणि मग २००८ च्या नाताळाआधीची ती संध्याकाळ. घरात करंज्या चालल्या होत्या, पाहुणे आले होते, पंखा, टीव्ही आणि पाच-सहा जणांचे बोलणे असा कल्लोळ चालला होता. कोणीतरी आईला काही विचारले आणि आईने भलतेच उत्तर दिले. सर्वांच्या देखत आम्ही तिच्यासमोर उभे राहून म्हणालो, "तुला हवे तेवढेच बरोबर ऐकू येते, आई."

हे वाक्य मात्र तिला स्वच्छ ऐकू गेले. ती काही बोलली नाही. पण त्या दिवसापासून "काय म्हणालास?" असे विचारणे तिने सोडून दिले. कोणी काही बोलले की ती हसून मान डोलावी आणि "होय, होय" म्हणे. घरातला खटका मिटला असे आम्हांला वाटले. वस्तुतः आईने घरातल्या बोलण्यातून आपले अंग काढून घेतले होते.

२००९ साली आमच्या एका भाच्याने आग्रह धरला म्हणून आम्ही तिला मुंबईला कानाच्या डॉक्टरांकडे नेले. तिला एका बंद खोलीत बसवून कानांवर यंत्र चढवले आणि आवाज ऐकू आला की बटण दाबायला सांगितले. थोड्या वेळाने एक आलेखाचा कागद बाहेर आला. उजव्या कानाची तांबडी वर्तुळे, डाव्या कानाच्या निळ्या फुल्या. कागदाच्या डाव्या बाजूला, जिथे खालच्या पट्टीचे स्वर असतात, तिथे दोन्ही रेषा वरच्या भागात होत्या. उजवीकडे, उंच स्वरांच्या दिशेने, त्या डोंगराच्या उतारासारख्या खाली घसरत गेल्या होत्या. डॉक्टरांनी कागद आमच्याकडे फिरवला आणि एक अनपेक्षित प्रश्न विचारला, "घरातल्या बायकांशी आणि लहान मुलांशी यांचे खटके उडतात का?"

आम्ही चमकलो. आमच्या घरातली गोष्ट या गृहस्थांना कोणी सांगितली? ती त्या कागदानेच सांगितली होती.

डॉक्टरांनी जे समजावले आणि त्यानंतर आम्ही पुस्तकांतून जे वाचले, ते थोडक्यात असे. आवाज म्हणजे हवेची कंपने. ती कानाच्या पडद्यावर आदळतात. पडद्यामागे तीन इवलीशी हाडे आहेत: हातोडी, ऐरण आणि रिकीब. रिकीब जेमतेम ३ मिलिमीटरची, मानवी शरीरातले सर्वांत लहान हाड. ही हाडे कंपने आतल्या शंखासारख्या वेटोळ्या नळीत पोहोचवतात. नळीत द्रव असतो आणि तिच्या लांबीभर एक पातळ पडदी ताणलेली असते. पडदीवर रांगा धरून त्याच केसाळ पेशी उभ्या असतात, ज्या ढोम्याच्या खड्यापाशी आहेत. एका कानात त्या साधारण १५,००० असतात. एवढ्या मोठ्या शरीराच्या मानाने ही पुंजी फारच लहान.

आता यातली खुबी अशी की त्या नळीत प्रत्येक स्वराची जागा ठरलेली आहे. उंच स्वर दाराशीच पडदी हलवतात, खालचे स्वर वेटोळ्याच्या आतल्या टोकापर्यंत जातात. गेओर्ग फॉन बेकेशी या हंगेरीत जन्मलेल्या शास्त्रज्ञाने ही लाट कशी धावते ते दाखवून दिले. त्यासाठी त्याला १९६१ साली नोबेल पारितोषिक मिळाले. त्याने हे काम सुरू केले ते बुडापेस्टमधल्या टेलिफोनच्या प्रयोगशाळेत, टेलिफोन कसा सुधारावा या विचारातून. वय वाढते तशा दाराजवळच्या, म्हणजे उंच स्वरांच्या पेशी प्रथम निकामी होत जातात. आतल्या बाजूच्या पुष्कळ काळ टिकून राहतात.

इथे आमच्या मास्तरकीला एक चपराक बसली. बत्तीस वर्षे आम्ही शाळेत मराठी शिकवले. स्वर कोणते, व्यंजने कोणती, हे फळ्यावर किती वेळा लिहिले त्याची गणती नाही. पण कानाच्या दृष्टीने या दोहोंत केवढे अंतर आहे, याची आम्हांला कल्पना नव्हती. आ, ए, ओ हे स्वर जोरकस असतात आणि त्यांचे बळ मुख्यतः खालच्या पट्टीत असते. स, श, फ, त, ख ही व्यंजने म्हणजे नुसता श्वासाचा फटकारा. ती दुबळी असतात आणि त्यांची ओळख उंच पट्टीत असते. 'स'चा सळसळता भाग दर सेकंदाला ४,००० कंपनांच्याही वर जातो. शब्दाचा आवाज स्वरांत असतो, पण अर्थ पुष्कळसा व्यंजनांत असतो. ताट, पाट, खाट यांतला 'आ' आईला लख्ख ऐकू येत होता. त्याच्या आधीचे अक्षर कोणते, हे तिला अंदाजाने ठरवावे लागत होते. दिवसभरात असे किती अंदाज ती बांधत असेल, आणि त्यातले किती चुकल्यावर आम्ही हसलो असू!

आमचे सर्व पुरावेही एकेक करून उलटले. देवळातल्या मोठ्या घंटेचा नाद खालच्या पट्टीचा, भरदार; तो तिला ऐकू येणारच. पुरुषाचा आवाज सर्वसाधारणपणे सेकंदाला शंभर-सव्वाशे कंपनांच्या आसपासचा, स्त्रीचा त्याच्या दुपटीजवळ, मुलांचा त्याहून उंच. म्हणून जवळ बसलेल्या मुलाचे बोलणे तिला बरे कळे. दारातून बोलणाऱ्या सुनेचे आणि पळता पळता बोलणाऱ्या नातवाचे कळत नसे. जपमाळेचे तर विचारायलाच नको. 'नमो मरिया' तिला लहानपणापासून पाठ. तिथे कानाने निम्मा आवाज टिपला तरी उरलेला निम्मा मेंदू आपल्या भांडारातून भरून काढतो. नवे बोलणे असे भरून काढता येत नाही. ज्या प्रार्थनेमुळे आम्हांला आईचा कान शाबूत वाटत होता, तिनेच आईचे बहिरेपण झाकून ठेवले होते.

परतीच्या गाडीत आई खिडकीशी बसली होती. आम्ही तिला काय सांगावे ते सुचेना. "तुझा काही दोष नाही," असे आम्ही तिच्या कानाशी वाकून म्हणालो. ती म्हणाली, "मी तरी कुठे म्हटले आहे म्हणून?"

पुढच्या वर्षी आम्ही निवृत्त झालो. वेळ हाताशी होता आणि मन टोचत होते. ग्रंथालयातून प्राण्यांच्या आणि माणसांच्या ज्ञानेंद्रियांविषयीची पुस्तके आणून आम्ही वाचू लागलो. तिथे लाझारो स्पालान्झानी यांची गोष्ट भेटली, आणि ती आम्हांला फार जवळची वाटली.

स्पालान्झानी हे इटलीतले कॅथोलिक धर्मगुरू आणि पाव्हियाच्या विद्यापीठात निसर्गशास्त्राचे प्राध्यापक. १७९३ साली त्यांच्या ध्यानात आले की खोलीतली मेणबत्ती विझली की पाळीव घुबड भिंतीवर आदळते, वटवाघूळ मात्र निर्धास्त उडत राहते. त्यांनी पाव्हियाच्या कॅथीड्रलच्या घंटाघरातली वटवाघळे पकडून, त्यांचे डोळे निकामी करून त्यांना सोडून दिले. आजच्या मनाला हा प्रयोग क्रूर वाटतो, आणि तो तसा होताच. काही दिवसांनी त्यांतली काही पुन्हा सापडली, तेव्हा त्यांची पोटे डोळस वटवाघळांसारखीच किड्यांनी भरलेली होती. जिनीव्हाचे शल्यवैद्य लुई ज्युरीन यांनी पुढे वटवाघळांचे कान बंद करून पाहिले, तर ती जिथे तिथे धडकू लागली. स्पालान्झानींनी स्वतः पडताळा घेतला आणि मान्य केले की वटवाघूळ अंधारात कानांच्या आधाराने वाट काढते. पण ते ऐकते तरी काय? उडताना तर त्याचा आवाज येत नाही. या प्रश्नाचे उत्तर न मिळताच १७९९ साली ते निवर्तले. लोकांनी थट्टा केली. वटवाघूळ कानांनी पाहते, तर मग डोळ्यांनी ऐकते की काय, असे विचारले गेले. क्युव्हिएसारख्या बड्या शास्त्रज्ञाने हे सारे स्पर्शाचे काम आहे असा निर्वाळा दिला, आणि तोच पुढे शंभराहून अधिक वर्षे मानला गेला.

१९३८ साली हार्वर्डमधल्या डोनाल्ड ग्रिफिन नावाच्या विद्यार्थ्याने, माणसाला ऐकू न येणारे उंच ध्वनी पकडणाऱ्या एका यंत्रासमोर वटवाघळे नेऊन धरली. यंत्र कडाडू लागले. ज्यांना आपण मुकी समजत होतो ती वटवाघळे अखंड ओरडत होती आणि आपल्याच आवाजाच्या प्रतिध्वनीवरून किडा कुठे, भिंत कुठे हे ओळखत होती. माणसाचा कान सेकंदाला २० ते २०,००० कंपने ऐकतो, तेही तरुणपणी. वटवाघळाची आरोळी पुष्कळदा त्याच्या वर असते. आमच्या वाडीत चिकू खायला येणारी मोठी फळखाऊ वटवाघळे मात्र डोळ्यांनी आणि वासाने वाट काढतात. ही किमया दिवेलागणीला अंगणात गिरक्या घेणाऱ्या किडेखाऊ लहान वटवाघळांची.

आपल्या पट्टीच्या वर जसे जग आहे तसे खालीही आहे. १९८४ साली केटी पेन या अमेरिकन संशोधक ऑरेगन राज्यातल्या पोर्टलंडच्या प्राणिसंग्रहालयात हत्तींजवळ बसून होत्या. हत्ती गप्प असतानाही हवेत काहीतरी धडधडते आहे असे त्यांना पुन्हा पुन्हा जाणवले. परतताना त्यांना आठवले की तरुणपणी विद्यापीठाच्या चॅपेलमध्ये गायकवृंदात गाताना आपण ऑर्गनच्या सर्वांत मोठ्या नळीजवळ उभ्या राहत होतो, आणि अगदी खालचा सूर लागला की तो ऐकू येण्याऐवजी अशीच धडधड अंगाला जाणवत असे. मग यंत्राने ध्वनिमुद्रण करून पाहिले, तर हत्ती आपल्या कानांच्या खालच्या पट्टीत बोलत होते. त्यांचे हे बोलणे काही किलोमीटरवरच्या दुसऱ्या हत्तीला पोहोचते. पिंजऱ्यासमोर उभ्या राहिलेल्या शेकडो माणसांच्या देखत ते बोलत होते, आणि प्रत्येक जण घरी जाऊन सांगत होता की हत्ती गप्प उभे होते.

अशी उदाहरणे वाचावीत तितकी थोडी. कुत्रा सेकंदाला सुमारे ४५,००० कंपनांपर्यंत ऐकतो. रातकिड्याचे कान पुढच्या पायांवर असतात, नाकतोड्याचे पोटाच्या बाजूला. डासाचा नर मादीच्या पंखांचा गुंजारव आपल्या मिशांनी टिपतो. सापाला बाहेरचा कान नाही, कानाचा पडदाही नाही. जमिनीतली थरथर त्याला जबड्याच्या हाडांतून कळते आणि हवेतले काही खालचे आवाजही जाणवतात. पुंगीपुढे तो डोलतो ते पुंगीच्या हालचालीवर नजर ठेवून. मधमाशीला फुलांवर असे रंग दिसतात जे आपल्या डोळ्यांना दिसत नाहीत, आणि सह्याद्रीतल्या चापड्या सापाला डोळा व नाकपुडी यांच्यामधल्या खळगीने उंदराच्या अंगाची ऊब अंधारातही कळते. ज्याला जगायला जेवढे लागते तेवढ्या पट्टीचे दार त्याला उघडे आहे. आपले दार म्हणजे सगळे घर नव्हे.

स्पालान्झानींना हसणारे लोक मूर्ख नव्हते. आपल्याला ऐकू येत नाही ते अस्तित्वातच नाही, एवढेच त्यांनी गृहीत धरले होते. आम्ही घरात त्याची दुसरी बाजू केली. आम्हांला ऐकू येते ते आईलाही येतच असणार, असे धरून चाललो. वटवाघळाच्या बाबतीत ती चूक निस्तरायला १४० वर्षांहून अधिक काळ लागला. आमच्या घरी चारच वर्षे लागली, पण त्या चार वर्षांची ताटे कोण मोजणार?

आईसाठी श्रवणयंत्र घेतले. तिने ते महिनाभर लावले आणि मग बिस्किटांच्या जुन्या डब्यात ठेवून दिले. "भांडी वाजली की डोक्यात हातोडा पडतो," ती म्हणे. डॉक्टरांनी सांगितले की पेशी कमी झालेल्या कानाची ही अडचणच असते: लहान आवाज पोहोचत नाही आणि थोडा मोठा झाला की एकदम सहन होत नाही. यंत्र लवकर, ऐकणे पुरते तुटण्याआधी लावले तर मेंदूला त्याची सवय होते. आजची यंत्रेही पुष्कळ सुधारलेली आहेत. आमच्या हातून उशीर झाला होता. वाचकांपैकी कोणाच्या घरी अशी ताट-खाट चालली असेल तर त्यांनी तो उशीर करू नये, एवढे सांगणे आमचे कर्तव्य आहे.

ओरडण्याचा उपयोग होत नाही, हेही आम्ही तेव्हाच शिकलो. ओरडल्याने स्वर फुगतात, व्यंजने त्या मानाने वाढत नाहीत. शिवाय ओरडणाऱ्याचा चेहरा रागीट होतो, आणि चेहरा तर बहिऱ्या माणसाला नीट दिसतो. त्यापेक्षा टीव्ही बंद करावा, समोर यावे, तोंडावर उजेड असू द्यावा आणि सावकाश, खालच्या आवाजात बोलावे. कारण माणूस ओठांकडे पाहूनही ऐकतो. १९७६ साली हॅरी मॅकगर्क आणि जॉन मॅकडोनाल्ड या मानसशास्त्रज्ञांनी एक चमत्कारिक गोष्ट प्रसिद्ध केली. कानावर 'बा' असा आवाज पाडला आणि त्याच वेळी डोळ्यांसमोर 'गा' म्हणणारे ओठ दाखवले, तर बहुतेकांना 'दा' ऐकू येते. म्हणजे वटवाघळाची थट्टा करताना विचारलेला तो प्रश्न माणसाच्या बाबतीत खराच निघाला. आपण थोडेसे डोळ्यांनीही ऐकतो.

हे सारे आम्ही वाचले, पण अमलात आणले ते आमच्या पत्नीने. ती आता स्वयंपाकघराच्या दारातून काही विचारत नसे. हात पुसून बाहेर येई, आईच्या खांद्याला हलका स्पर्श करी, समोर पाटावर बसे आणि आवाज उतरवून विचारी. 'ताट घेऊ का'च्या ऐवजी 'जेवायला वाढू का' असे म्हणे. शब्द लांबला की अंदाज बरोबर लागतो, हे तिचे तिनेच शोधून काढले होते. पहिल्या दिवशी आई तिच्याकडे पाहतच राहिली. मग म्हणाली, "किती दिवसांनी बोललीस गं माझ्याशी!" पत्नीने पदर डोळ्यांना लावला. दोघींच्यामध्ये जे काही साचले होते ते एका दिवसात गेले नाही, पण त्या दिवसापासून जाऊ लागले.

पुस्तकांत आणखी एक गोष्ट वाचून आम्ही हळहळलो. १९८८ साली शास्त्रज्ञांना आढळले की पक्ष्यांच्या कानातल्या या केसाळ पेशी मोठ्या आवाजाने नष्ट झाल्या तरी पुन्हा उगवतात. कोंबडीच्या पिलाला, लावा पक्ष्याला हे वरदान आहे, माशांनाही आहे. आम्हां सस्तन प्राण्यांच्या कानात मात्र गेलेली पेशी गेलीच. लग्नाच्या वरातीत कर्ण्यांच्या भिंतीला खेटून नाचणाऱ्या आमच्या तरुण मुलांना हे कोणी सांगेल का? अंगणातल्या कोंबडीला परवडणारी उधळपट्टी त्यांना परवडणारी नाही.

२०१६ साली आमच्या नातवाचा बाप्तिस्मा झाला. आई पहिल्या बाकावर बसली होती. विधीमध्ये फादरांनी बालकाच्या कानांना आणि मग मुखाला बोट लावले. घरी येताना पत्नी म्हणाली, "पाहिलेत का? आधी कान, मग तोंड. आपल्या घरात आपण इतकी वर्षे उलटेच करत होतो." आम्ही काय बोलणार?

आई २०१८ साली, अठ्ठ्याऐंशीव्या वर्षी गेली. शेवटच्या आठवड्यात ती डोळे उघडत नव्हती. पत्नी तिच्या उजव्या कानाशी वाकून, त्या कमावलेल्या उतरत्या आवाजात जपमाळ म्हणे आणि आईच्या वाट्याच्या भागापाशी थांबे. कधी ओठ हलल्यासारखे वाटत, कधी नाही. पत्नी तेवढा वेळ थांबून मगच पुढे जाई.

आज तोच नातू नऊ वर्षांचा आहे. यंदा पहिला पाऊस पडून गेल्यावर रात्री आम्ही दोघे ओसरीवर बसलो होतो. तो म्हणाला, "आजोबा, रातकिडे किती ओरडतायत!" आम्ही कान दिला. पागोळ्या ऐकू आल्या, दूरच्या रस्त्यावरचा ट्रक ऐकू आला, रातकिडे नाहीत. लहानपणी पावसाळ्याच्या रात्री ज्या आवाजाने झोप लागत नसे, तो आमच्यापुरता केव्हा बंद पडला, हे आम्हांला कळलेही नव्हते. नातवाने पुन्हा काही म्हटले. तो अंधारात, पाठमोरा होता. आम्हांला नुसता आवाज आला, शब्द आला नाही.

"होय, होय" म्हणून मान डोलवायचे आमच्या अगदी ओठांवर आले होते. आम्ही ते गिळले आणि म्हणालो, "बाळा, समोर ये, दिव्याखाली बैस आणि पुन्हा सांग." तो समोर येऊन बसला. रातकिडा कसा ओरडतो ते तोंडाने करून दाखवू लागला. त्याने काढलेला आवाज आम्हांला ऐकू आला. रातकिडा तसाच ओरडतो की नाही, ते यापुढे त्याच्या शब्दावर मानायचे.